करडे मोजे

योस्टने स्वतःच्या तोंडाने स्वतःचा घात केला, तोही माझ्या शेगडीजवळ बसून, माझी भाजलेली सफरचंदं खात.

आमच्या हेसेनमधल्या या खेड्यात हिवाळाभर बायका दिवेलागणीला चरखे घेऊन माझ्याकडे जमतात. पुरुष येतात ते मदतीला म्हणे. मदत फक्त सफरचंदं संपवायला. वाटसरूने उबेच्या बदल्यात एक मेर्शेन, म्हणजे गोष्ट, सांगायचं. माझे आजोबा नुसतं ‘मेर’ म्हणत, आणि ती खरी बातमी असे : राजा मेला, तह झाला. पुढे शब्दाला ‘शेन’ हे लाडाचं शेपूट लागलं, बातमी चिमुकली झाली, तिच्यात राजकन्या आणि बोलके कोल्हे शिरले. आता पोरगं मुरंबा चोरून मांजरावर ढकलतं, तेव्हाही आई म्हणते, “मेर्शेन नको सांगूस!” तिसऱ्या नवऱ्यापर्यंत पोचलेल्या माझ्या नणंदेनेही या शब्दाइतकी घरं बदलली नाहीत.

नियम एकच. सांगणारा चुकला की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे टोकायचं. गोष्ट बदलली तर ती विटते, असं आम्ही मानतो. टोकण्यात योस्ट सगळ्यांत पटाईत. त्या संध्याकाळीही त्याने म्हाताऱ्या बार्बेला दोनदा पकडलं होतं. “बार्बेकाकू, कोल्हा नव्हे, लांडगा!” बार्बे म्हणाली, “तूच सांग बाबा, माझे दात तरी वाचतील.”

येत्या रविवारी योस्टचं एल्सबेटशी लग्न होतं. तिचा पहिला नवरा वेल्टन योस्टबरोबर रशियावरच्या स्वारीत गेला, तो परतला नाही. “त्याने आपले बूट मला दिले आणि माझ्या मांडीवर प्राण सोडला,” असं योस्टने परत येऊन सांगितलं. ते बूट तो चर्चमध्येही मिरवायचा, आणि आम्ही त्या बुटांना मान द्यायचो.

त्या दिवशी एक कल्हईवाला आला होता. एका डोळ्याने अधू. शेगडीशी टेकून त्याने सुरू केलं, “दोन मित्र लढाईहून परतत होते. एकाचा पाय मोडलेला. बर्फात मेंढ्यांचा एक गोठा सापडला. धडधाकट मित्र म्हणाला, ‘लाकडं आणतो.’ जाताना त्याने जखमी मित्राचे बूट काढले, भाकरी घेतली, बायकोने विणलेले लाल मोजेही ओढले—”

“लाल नव्हेत, करडे,” योस्ट म्हणाला.

सफरचंद त्याच्या ओठांशीच राहिलं. चरखे एकामागून एक थांबले. ही गोष्ट आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेली नव्हती.

“करडे,” एल्सबेट हळूच म्हणाली. “टाचेत काळा दोरा. लाल लोकर संपली होती.”

“अगं, हे मेर्शेन आहे! थापा!” योस्ट ओरडला. “काट्रीन मावशी, तुम्ही तरी सांगा तिला!”

मी सफरचंदांची थाळी त्याच्यासमोरून उचलली.

कल्हईवाला उठला. “मी त्याच गोठ्यात पेंढ्याखाली तापाने पडलो होतो. तोंड दिसलं नाही, नावं कळली नाहीत. बोली तेवढी हेसेनची होती. जाताना त्याने बाहेरून अडसर घातला. जखमी माणूस सकाळपर्यंत बायकोच्या करड्या मोज्यांबद्दलच बोलत होता; मेंढपाळाने येऊन दार उघडलं, तेव्हा मी एकटाच जिवंत होतो. म्हणून मी गावोगाव हे मेर्शेन सांगतो, आणि दरवेळी मोजे लालच सांगतो. आजवर मला कुणी टोकलं नव्हतं.”

“म्हणजे खरी मेर,” बार्बे पुटपुटली.

एल्सबेट उठली. तिने माझ्या दाराचा अडसर काढला, दार सताड उघडलं. बर्फ आत उडायला लागलं.

“एल्सबेट, ऐक तरी—”

“बूट इथे काढ,” ती म्हणाली.

आणि त्याने काढले. सगळ्यांसमोर, खाली बसून, एक एक करून. आत मोजे करडे होते.