चुलीमागे एक पाळी

टाकळवाडीत पाणी जमिनीला मिळत नाही, चुलीला मिळतं. चांदवडकडच्या बाकीच्या गावांतले लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे. पण पाझर तलावाचं पाणी इथं वर्षानुवर्षं याच नियमानं वाटलं जातंय. ज्याची वीस एकर त्याला एक पाळी, ज्याची दोन एकर त्यालाही एक, आणि ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही त्यालाही एकच. भूमिहीनानं पाणी घेऊन करायचं काय? तर एखाद्या जमीनवाल्याशी अर्धेली करायची. जमीन तुझी, पाणी माझं, कांदा निम्मा निम्मा. लंकाबाई अशीच उभी राहिली. नवरा गेल्यावर ती दर दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, ते या पाण्यानं सुटलं. आता ती पाणी संस्थेच्या पंचांत बसते.

नियम आणला गोरक्षनानांनी. तरुणपणी ते नाशिकला समाजवाद्यांच्या शिबिराला गेले होते. पंचवटीतल्या एका धर्मशाळेत आठवडाभर भाषणं झाली. बाकीचे भाषणं तिथंच ठेवून घरी आले, नाना मात्र एक वाक्य गाठीला बांधून आले: पाणी कुणाच्या बापाचं नाही. त्यापायी त्यांनी भावकीशी वैर घेतलं, सोयरीक मोडून घेतली, पण नियम करून दाखवला. माणूस हट्टी, दुसरं काय म्हणायचं?

नियमात खोट एकच होती आणि ती नेमकी नको त्यांनी हेरली. घरात चूल वाढली की पाळी वाढते. मग ज्यांची जमीन जास्त, त्यांच्याच घरात वाटण्या होऊ लागल्या. गुण्यागोविंदानं नांदणारे भाऊ एकाएकी वेगळे झाले. कुणी गोठ्यात गॅसची शेगडी मांडली, कुणी माळ्यावर. गरिबासाठी केलेल्या नियमावर ही मंडळी अशी सहज चढून बसली की बघणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

एरवी खपून गेलं असतं. यंदा पाऊस लवकर आटोपला आणि माघातच तलाव निम्म्यावर आला. वाढलेल्या चुलींमुळे पाळीचा फेरा लांबत गेला. लंकाबाईनं अर्धेलीनं केलेलं रान पार शेवटच्या टोकाला, तिचा कांदा माना टाकू लागला.

"आणखी एक फेरा असाच लांबला तर माझा कांदा गेला समजा," ती बैठकीत म्हणाली. "मंग पुन्हा कोयता. या वयात माझ्याच्यानं मोळी उचलवायची नाय, गोरक्षभाऊ."

नानांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. ऐन जेवणवेळी, न सांगता, नव्यानं वेगळ्या झालेल्या प्रत्येक घरी जायचं. खोटी चूल दिसली की पाळी बंद. बरोबर लंकाबाई आणि व्हॉल्व्ह सोडणारा भिका.

पहिल्याच घरी गोठ्यातल्या शेगडीवर कोंबडी बसलेली. दुसऱ्या घरच्या शेगडीला सिलिंडरच नव्हता. तिसऱ्या घरी दोघे भाऊ खरोखर वेगळे झालेले, इतके की एकमेकांकडे बघतही नव्हते. त्यांची पाळी राहिली. अशी फिरत फिरत मंडळी चावडीपाशी आली आणि भिका म्हणाला, "झालं सगळं."

"माझं घर राहिलं," नाना म्हणाले.

"नाना, तुमचं काय बघायचं? साऱ्या गावाला ठाऊक हाय."

गावाला ठाऊक होतंच. दिवाळीत नानांच्या धाकट्या सुनेचं, वेदिकाचं, थोरलीशी भांड्यावरून कडाक्याचं वाजलं आणि धाकटा रुद्र तिला घेऊन मागच्या खोलीत वेगळा झाला. भांडी वाटताना सखुबाई, नानांची बायको, हुंदके देऊन रडली होती. रुद्रची पाळी नानांनी जड मनानं स्वतः लावली होती. पाण्यासाठी सारं आयुष्य घातलं आणि घर काही एकत्र राखता आलं नाही, हे शल्य त्यांना तेव्हापासून झोपू देत नव्हतं. साखरेच्या गोळीमुळे ते दिवेलागणीलाच थोरल्याकडे जेवून घेत आणि संस्थेत येऊन बसत. घरी लवकर जावंसंच वाटत नसे.

"सगळ्यांच्या बघितल्या, माझीबी बघा," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत पंगत बसली होती. थोरला सुनील, रुद्र, नातवंडं, सगळी एका ओळीत. वेदिका भाकरी थापत होती आणि जिच्याशी तिचं हाडवैर, ती थोरली जाऊ वाढत होती. सखुबाई कशावरून तरी पदर तोंडाला लावून हसत होती.

नानांना आधी झाला तो निव्वळ आनंद. घर मोडलेलं नव्हतं! क्षणभर त्यांना वाटलं, आपणही चप्पल काढावी आणि पोरांशेजारी बसावं. मग मागं उभ्या असलेल्या लंकाबाईचा श्वास त्यांना ऐकू आला आणि चपलेकडे गेलेला हात त्यांनी मागं घेतला.

रुद्र हात न धुताच उठला. "नाना, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणला असता का? म्हणून तुम्हालाच आधी फसवावं लागलं."

"आणि तू?" नाना सखुबाईकडे वळले. "ते रडणं?"

"रडू खरंच आलं," ती मान खाली घालून म्हणाली. "खोटी म्हणून केली तरी वाटणी ती. पोरांसाठी केलं मी. तुम्ही गावाचं बघितलं, पोरांचं कोण बघणार?"

असू द्या, असं लंकाबाई म्हणाली असती तर नानांना सोपं गेलं असतं की अवघड, कोण जाणे. ती फक्त उभी राहिली.

"भिका," नाना म्हणाले, "उद्यापासून रुद्रची पाळी बंद."

"माझा कांदा निम्म्यावर आलाय, नाना. सगळा जळून जाईल."

"तिचाबी जळतोय."

रुद्रनं तांब्या उचलून हात धुतला. "ठीक हाय. खोटी चूल चालत नाय ना तुम्हाला? मग खरी मांडतो."

बोलल्याप्रमाणे त्यानं केलं. सुनीलनं समजावलं, नानांच्या बहिणीनं वणीहून येऊन समजावलं, पण हट्ट तर त्याच घरचा. अंगणात मधोमध विटांची भिंत आली. नातवंडांना तिकडं फिरकू देईनात. इकडं खोट्या चुली गेल्यानं फेरा आवरला आणि लंकाबाईच्या कांद्याला वेळेवर पाणी पोचलं. तो वाचला. हे नाना रोज टोकापर्यंत चालत जाऊन बघत आणि परत येत.

मग रुद्रनं संस्थेकडे रीतसर पाळी मागितली. आता त्याची चूल खरी होती, नियमानं पाळी त्याची होती. नाना घरी बसते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण पंच म्हणून ते चूल बघायला गेले, बरोबर लंकाबाई आणि भिका.

वेदिकानं दोघातिघांपुरता भात टाकला होता. कुणी हसत नव्हतं. सखुबाई चुलीजवळ भाजी निवडत बसली होती. एक माणूस एकाच चुलीवर धरायचा असा नियम, म्हणून लंकाबाईला विचारणं भाग होतं. तिनं ते फार हळू आवाजात विचारलं.

"वहिनी, तुम्ही कुठल्या चुलीवर जेवता?"

सखुबाईनं वर पाहिलं नाही. "हितंच," ती म्हणाली.

भिका नानांकडे बघत राहिला.

"चूल खरी हाय," नाना म्हणाले. "पाळी लाव."