बळदातली अकरावी बाटली

गुरम्माच्या घरात ज्वारीला कधी बुरशी लागली नाही. ही गोष्ट अख्ख्या अहमदपूरला ठाऊक होती, कारण गुरम्मानंच ती अख्ख्या अहमदपूरला सांगितली होती. चाळीस वर्षं ती त्या माळवदाच्या घरात नांदत होती. दर उन्हाळ्यात ज्वारीला ऊन दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालायची, दोन भिंतींमधल्या बळदात धान्य ओतून त्याचं तोंड शेणामातीनं लिंपायची. मग पावसाळाभर शेजारच्या सिद्धम्माच्या दारात उभी राहून भोळ्या चेहऱ्यानं विचारायची, तुमच्याकडं कसला वास यायलाय गं? एका साली सिद्धम्माच्या कणगीतली दोन पायली ज्वारी हिरवी पडली होती. त्याला अठरा वर्षं झाली, पण गुरम्मानं ते सिद्धम्माला काही विसरू दिलं नाही.

अशा बाईच्या सुनेनं स्वतःच्या हातानं काचेच्या नळीतली बुरशी घरी आणावी, याला काय म्हणावं?

त्या सालचा दुष्काळ लागोपाठचा तिसरा. तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. गुरम्माचा नवरा शरणप्पा, त्याच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते मीठ आणि काड्यापेटीपुरतं. पोरगा बसवराज पाच महिन्यांपूर्वी हैदराबादला गेला होता आणि तिथं एका गिरणीत पोती उचलत होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. आधी साध्या कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूरलाच नवी नवी हापिसं उघडली होती. त्यातल्याच एका हापिसातून दिवाळीनंतर बनसोडे बाई जीपमधून आल्या. अंगानं बारीक, डोळ्याला जाड चष्मा, पण बोलणं खणखणीत. शाळेत बायका जमवून त्यांनी सांगितलं की भिजवलेल्या कडब्यात अळंबीचं बी पेरून पिशव्या टांगायच्या, घरातल्या घरात पीक येतं, पाणीही थोडंच लागतं. बायका पदरात तोंड घालून हसल्या. कुत्र्याच्या छत्र्या खायचे दिवस आले म्हणाल्या. तरी बावीस जणींनी नावं दिली, कारण दुसरं करण्यासारखं होतं काय?

गुरम्माची सून नीलम्मा मॅट्रिकपर्यंत शिकलेली. तिनं एकच विचारलं, बी येणार कुठून? बाईंनी चष्मा पुसला. बी पुण्याहून यायचं आणि एसटीच्या टपावर उन्हात मरायचं, हीच खरी अडचण होती. त्यांना तालुक्यातच बी करणारं घर पाहिजे होतं. त्यांनी नीलम्माच्या हाती अळंबीच्या मूळ बियाची ती नळी दिली आणि अट घातली. दहा बाटल्या भर, विसाव्या दिवशी मी बघायला येते, आठ तरी शुद्ध पांढऱ्या निघाल्या तर तालुक्याच्या बियाचं काम तुझ्या घरी. आठाला एक जरी कमी पडली, तर मला दुसरं घर बघावं लागेल.

काम दोन माणसांचं होतं. म्हणजे बसवराजला परत बोलावता आलं असतं. नीलम्मानं हे सासूला सांगितलं तेव्हा गुरम्मा नळीकडं नाक मुरडून बघत होती. पोराचं नाव निघाल्यावर तिनं नाक सरळ केलं आणि बळदाचं तोंड फोडलं.

बाटल्या सलाईनच्या, काचेच्या. नात्यातला धोंडप्पा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता, त्यानं अकरा आणून दिल्या. एकीच्या तोंडाचा टवका उडाला होता म्हणून ती बाजूला पडली. नीलम्मानं ज्वारी उकळायला टाकली आणि बाईंनी दिलेल्या पुस्तकात बघत बसली. घटकाभरानं गुरम्मानं झाकण उचलून पाहिलं, तर दाणा फुटून नुसता लगदा.

"बी करायलीस का कण्या?" असं म्हणून तिनं सुनेला चुलीपुढून उठवलं.

मग जे झालं ते गुरम्माच्या पद्धतीनं. ज्वारी रातभर भिजली. सकाळी मंद आचेवर शिजली, ती दाणा नखानं दबेल पण फुटणार नाही इतकीच. निथळलेलं पाणी म्हशीला गेलं, टँकरचं पाणी वाया घालवायची कुणाची टाप नव्हती. धुतल्या चादरीवर दाणे पसरले, आणि वर तळहात ठेवला तर ओल लागणार नाही इतके सुकले, तेव्हा गुरम्मानं मान हलवली. नीलम्मानं त्यात खडूची भुकटी आणि जिप्सम कालवलं, बाटल्या पाऊण भरल्या, तोंडात कापसाचे बोळे घट्ट बसवले आणि वरून कागद बांधला. उदगीरच्या भावानं दिलेल्या मोठ्या कुकरात तीन तीन बाटल्या उभ्या करून दीड दीड तास शिट्ट्या घेतल्या.

बाटल्या निवल्यावर नीलम्मा न्हाली, धुतलेलं पातळ नेसली, खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि तोंडाला पदर बांधून स्पिरिटच्या दिव्यापुढं बसली. नळीतला एकेक तुकडा दिव्याच्या जाळाजवळून बाटलीत टाकायचा आणि बोळा लगेच परत बसवायचा. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, हलायचं नाही, कुणी आत यायचं नाही. गुरम्मा दाराच्या फटीतून बघत होती. हे तर मडीतलं, सोवळ्यातलं काम, तिला वाटलं. नैवेद्य करताना ती स्वतः असंच करायची. न्हाऊन, मुक्यानं, कुणाचा हात न लागू देता. पण कुणालाही असं तोंडावर चांगलं म्हणायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून ती चुलीकडं वळली.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आठवड्याभरात बी रुजेल, एवढंच नीलम्मा म्हणाली होती. रुजेल म्हणजे मोड येतील, असं गुरम्मानं धरलं.

आठव्या दिवशी नीलम्मा विहिरीवर पाण्याच्या रांगेत होती. सिद्धम्मा विरजण मागायला दारात आली. आत जाता जाता गुरम्मानं बाटल्यांच्या खोलीत डोकावलं आणि दार घाईनं ओढून घेतलं. दहाच्या दहा बाटल्यांत ज्वारीवर पांढरी, केसाळ बुरशी. आणि बाहेर उंबऱ्यावर कोण, तर सिद्धम्मा! गुरम्मानं तिला वाटीभर विरजण देऊन कशीबशी वाटेला लावली. मग चाळीस वर्षं जे करत आली होती तेच तिच्या हातांनी केलं. बाटल्या उचलल्या, माळवदावर नेल्या, काडीनं ज्वारी उकरून चादरीवर काढली आणि उन्हाला घातली. दोन रिकाम्या झाल्या. तिसरीच्या बोळ्याला हात घातला तेवढ्यात नीलम्मा घागर घेऊन वर आली.

नीलम्मा भांडली असती तर बरं झालं असतं. गुरम्मा भांडायला तयारच होती. पण सुनेनं घागर खाली ठेवली आणि पायरीवर बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ती बुरशीच बी हाय. आता आठच राहिल्या. एक जरी नासली तर त्यांचं येणं गेलं."

आणि मग ती रडली. पोराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण गुरम्मानं सुनेला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. ती चादरीवरची ज्वारी गोळा करायला लागली आणि सवयीनं तिनं मूठ नाकाशी नेली. नासलेल्या धान्याचा वास तिला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. हा तो नव्हता. हा नांगरलेल्या रानासारखा, गोडसर, स्वच्छ वास होता.

दुसऱ्या दिवशी दुधाला विरजण लावताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चमचाभर दह्यानं तांब्याभर दुधाचं दही लागतं. मग मूठभर पांढऱ्या ज्वारीनं बाटलीभर ज्वारी का लागू नये?

नीलम्मा विहिरीवर गेली की तीन तास येत नसे. अशा दोन सकाळींत गुरम्मानं टवका उडालेली अकरावी बाटली धुतली, भरली आणि कुकरला लावली. मग न्हाली, कपाळाला विभूती लावली, दारं लावून घेतली आणि देवापुढची समई समोर घेतली. खिडकीकडच्या शेवटच्या बाटलीचा बोळा काढून तिच्यातले मूठभर दाणे ज्योतीशेजारून आपल्या बाटलीत ओतले. शिवाचं नाव मनातच घेतलं, ओठ हलू दिले नाहीत. मग ती बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून बळदात लपवली. साधली तर सांगायचं, नाही साधली तर म्हशीला घालायची, असा तिचा हिशोब.

त्या दिवसापासून ती रोज बाटल्यांच्या बोळ्यांचा वास घेत फिरायची. सासूची पहारेदारी बघून नीलम्माला थोडं हसू यायला लागलं. पण अठराव्या दिवशी खिडकीकडच्या बाटलीपाशी गुरम्मा थबकली. बाहेरून बाटली पांढरीशुभ्र होती. वास मात्र शिळ्या आंबिलीचा. तिनंच उघडलेली, तिनंच दाणे काढलेली बाटली. बळदातली बघायचा तिला धीर होईना. दोन दिवस तिला भाकर गोड लागली नाही, आणि सुनेला सांगायचं ती उद्यावर ढकलत राहिली.

विसाव्या दिवशी बनसोडे बाई आल्या. एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवत त्यांनी मोजलं. सात झाल्या. खिडकीकडची उचलली, दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, आठ. नीलम्मानं इतका मोठा श्वास सोडला की पार दुकानात शरणप्पालाही ऐकू गेला असेल. बाईंनी पिशवीतून कागद काढला.

गुरम्मानं गप्प राहायचं होतं, बस. बसवराज पुढच्या आठवड्यात ओट्यावर बसून चहा पिताना दिसला असता. पण त्या बाटलीतलं बी कुणाच्या तरी कडब्यात जाणार होतं, आणि या सालात कडबा म्हणजे जनावराच्या तोंडचा घास. दुसऱ्याच्या घरात कुजका दाणा धाडायचा? गुरम्माच्या हातून?

"बाई, ती बाटली बाद हाय," ती म्हणाली. "मीच उघडली होती. आंबली आतून."

बाईंनी बोळा काढला, काडीनं उकरलं. मधोमध बोराएवढा हिरवा डाग. नीलम्माचा चेहरा उतरला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, पण बावीस घरांची जबाबदारी आहे, सात म्हणजे सातच, असं त्या खाली बघून म्हणाल्या.

गुरम्मा उठली. बळदाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला आणि लुगड्याचं बोचकं बाहेर काढलं. तिनं गाठ सोडली. शेवटचा पदर बाजूला झाला तशी ती स्वतःच बघत राहिली. तळापासून तोंडापर्यंत पांढरंशुभ्र, एक दाणा उघडा नाही.

बाईंनी ती उजेडात धरली. फिरवली. वास घेतला. मग बोळा उपसून, काडी बुडापर्यंत घालून खात्री केली. कुणी केली म्हणून विचारलं, तर गुरम्मानं पदर सारखा केला. न्हाऊन, समईपुढं, मुक्यानं बसून, विरजण लावतात तसं लावलं, असं तिनं सांगितलं. बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. आमच्याकडं माणसांना मुकं बसायला शिकवण्यातच वरीस जातं, मावशी, असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर आठचा आकडा लिहिला. मग नीलम्मानं चाळीस वर्षांची रीत मोडली आणि आत्याबाई, लई चांगलं केलंत, असं तोंडावर म्हणून टाकलं. गुरम्मानं डोळे पुसले आणि हैदराबादला आजच्या आज चिठ्ठी धाडायला फर्मावलं.

जीप बघून सिद्धम्मा आली नसती तरच नवल. उंबऱ्यातूनच तिची नजर गुरम्माच्या हातातल्या बाटलीवर पडली आणि अठरा वर्षांनी तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई गुरम्मा, तुझ्या ज्वारीला बुरशी?"

"हाव," गुरम्मा बाटली छातीशी धरत म्हणाली. "माझ्या हातची हाय. लांबून बघ."