उलट्या तोंडाचा हुक

...कपाच्या तळाशी चहाचं तपकिरी कडं वाळून बसलं होतं आणि ते बोटानं काही निघेना. डोळ्याला भिंग असतं तर — पण भिंग दुकानात, आणि दुकान आज त्यानं दुपारीच बंद केलेलं. बत्तीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा हा माणूस तीन दिवसांच्या खरकट्या भांड्यांपुढे हतबल उभा होता.

भांडी घासायचा त्याला कंटाळा. कंटाळा कसला, किळसच! तो आंबूस वास, बोटांना लागणारा ओशटपणा... आज करू, उद्या करू म्हणत त्यानं ढीग वाढू दिला होता. पण पाच वाजता मेव्हणी गाडी घेऊन येणार होती, आणि तिच्यासमोर नाक कापून घेण्यापेक्षा बाह्या सरसावलेल्या बऱ्या.

ती यायची होती बायकोला न्यायला. महिन्यापूर्वी बायकोचा उजवा हात एका सकाळी लुळा पडला. इस्पितळातून ती चालत घरी आली, पण हात तसाच राहिला. "ताईला थोडे दिवस नेते हो, भावजी," मेव्हणी फोनवर म्हणाली होती. थोडे म्हणजे किती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. बायकोनं मात्र तोंडावर सांगितलं होतं, "अहो, तुम्हाला साधा कप विसळता येत नाही. मला काय सांभाळणार तुम्ही?"

झोंबलं होतं ते. खरं होतं म्हणून जास्तच.

त्यानं पाणी कोमट केलं, साबण खळबळवला आणि डोळे मिटून हात आत घातले. पहिली दोन ताटं नुसती उरकली. तिसऱ्याला काय झालं कोण जाणे — मनगटापर्यंत ऊब चढली, खिडकीतलं ऊन फेसावर येऊन बसलं, आणि ताट त्याच्या हातात आपसूक फिरू लागलं, गोल, सावकाश... इथे श्वास रोखायचा नव्हता. काही निसटलं तरी सूक्ष्म असं काही हरवणार नव्हतं, सगळं कसं तळहाताएवढं, ढोबळ, भरवशाचं. पातेल्याच्या पोटावरून हात फिरवताना एक पोचा लागला. हा कधी पडला? ...आणि हे कोण गुणगुणतंय? अरे, मीच की! आतल्या खोलीत बायको पडून आहे, घर रिकामं व्हायला जेमतेम तास उरलाय, आणि मी गुणगुणतोय. लाज वाटायला हवी होती. पण हात थांबेनात.

कप पुसून तो फळीखालच्या हुकांना अडकवू लागला. एक, दोन, तीन... त्याचा स्वतःचा निळा कप शेवटच्या हुकाला. बाकीच्यांसारखा तो काही बसेना. त्यानं वाकून पाहिलं. बाकी सगळ्या हुकांची तोंडं उजवीकडे आणि या एकाचंच डावीकडे. कुणीतरी मुद्दाम फिरवलेलं — रंगावर पकडीचे ओरखडे होते.

तो डावखुरा. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात फळीवरून कप काढताना त्याचा हात रोज अडायचा, दोन कप फुटलेही. पुढे कधी फुटला नाही. आपल्यालाच सवय झाली, असं तो इतकी वर्षं समजत होता. आणि ती पकड... दुकानातली नाजूक पकड तिनं न विचारता आणली होती, टोक वाकवून परत ठेवली होती. 'माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही!' तो केवढा ओरडला होता. दोन दिवस अबोला. "जरासं काम होतं," एवढंच ती म्हणाली होती. काय काम, हे त्यानं विचारलंच नव्हतं. शहाणा!

दुकानातून बाद होऊन घरी आलेली ती वाकडी पकड ओट्याखालच्या खणात होती अजून. त्यानं ती काढली, बायकोच्या पिवळ्या कपाचा हुक पकडला आणि अर्धा वेढा फिरवला. जुन्या रंगाचा टवका उडाला. आता या हुकाचं तोंडही डावीकडे.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आतून पावलं आली, भिंतीला धरून, थांबत थांबत. बायको दाराशी उभी राहिली. तिनं रिकामी मोरी पाहिली, मग फळी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग तिचा डावा हात वर गेला, आणि पिवळा कप अलगद सुटून त्या हातात आला.

"पकड घेतलीत वाटतं," ती म्हणाली.

"जरासं काम होतं."

जिन्यावर मेव्हणीच्या चपला वाजू लागल्या. बायकोनं कप ओट्यावर ठेवला. "चहा टाका. तिघांचा."

जाणार की राहणार, ते ती बोलली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तिघांचा चहा... म्हणजे तीन कप, एक गाळणी, एक पातेलं. उरलेलं कोमट पाणी ओतून देण्यासाठी त्यानं उचललं होतं, ते त्यानं परत खाली ठेवलं.