मामांना दिसलेलं शिखर

चढ सुरू झाल्यापासून चष्मेवाल्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. उतारभर जांभळी-पिवळी रानफुलं फुलली होती. बायको आणि आठ वर्षांची लेक फोटो काढत मागे रेंगाळल्या होत्या. पुढे त्याचे सासरे, म्हणजे मामा, ऐटीत चालले होते, पण चालले होते ते थेट फुलांवरून. पायवाट डावीकडे वळली तरी मामा सरळच निघाले, तेव्हा त्याने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. मुद्दामच जात होतो हो जावईबापू, असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

मामा शाळेची बस चालवत. बस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्याच आठवड्यात शाळेने नजरेचा दाखला मागितला, आणि तो ह्यानेच सही करून दिला होता. डोळे तपासताना ह्याच्या चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता मामांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला, तेव्हा त्याला कोण कौतुक वाटलं होतं. आता आठवलं, की मामा रोज संध्याकाळी त्याच दुकानात चहा पीत बसतात आणि गिऱ्हाईकं तीच अक्षरं मोठ्याने वाचतात. बारा वर्षांत त्याने तक्ता बदलला नव्हता. स्वतःच्या आळसाची त्याला भयंकर चीड आली.

मग त्याला चैन पडेना. दर दहा पावलांवर तो काहीतरी दाखवायचा. ते फूल कुठल्या रंगाचं, मामा? फुलाच्या रंगाचं, मामा म्हणायचे. त्या खडकावर कोण बसलंय? बसू दे की, आपलं काय जातंय!

शिखरावर भन्नाट वारा होता. समोर डोंगरांची रांग उभी होती. ओळखा बघू, असं त्याने म्हणताच मामांनी बोट फिरवत झरझर नावं घेतली. करवत, उंट, दोघी बहिणी.

"आणि ती टोकाला म्हातारी. काय लख्ख दिसतेय आज."

"मामा, म्हातारी ढगात आहे. मघापासून."

मामा चाचपडत एका दगडावर टेकले. बसमध्ये चाळीस पोरं असतात आणि दाखल्यावर सही माझी आहे, असं तो सांगत राहिला. उद्यापासून बस काढू नका, म्हणून त्याने हात जोडले. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट त्याचीच समजूत घातली.

"उगाच घाबरतोस. नात माझ्या मागच्याच सीटवर असते. सिग्नल लाल झाला की ती सांगते मला."

त्याने खिशातून फोन काढला आणि मुख्याध्यापकांचा नंबर लावला. कुणाला लावतोस, मामांनी विचारलं. त्याने खरं ते सांगितलं.

मामांनी फोन हिसकावून घ्यायला झटकन हात टाकला. हात फोनच्या वीतभर बाजूने गेला.