फिरती चित्रवही

मी एक चित्रवही बोलतेय. माझी पानं एका मापाची नाहीत, तेवढं समजून घ्या. विरुपाक्ष मास्तरांची चित्रशाळा बंद झाली, त्या दिवशी फळीवर जो उरलासुरला कागद होता, तो शिवून त्यांनी मला बांधलं.

सोलापुरात विणकरांच्या आळीत एका लांबट खोलीत ती शाळा भरायची. १९२९ साली घरमालकाला तिथं माग मांडायचे होते. मास्तरांचा दमाही बळावला होता. वरच्या वर्गातली तिघं शेवटपर्यंत थांबली: सिद्धाराम, राजाबाई आणि जोतीराम. मास्तर म्हणाले, "एकेकानं एक चित्र काढायचं नि वही टपालानं पुढच्याकडं धाडायची. शेवटी माझ्याकडं. मी तपासून देईन."

तेव्हापासून मी फिरते आहे. सिद्धाराम सोलापुरातच सात रस्ता चौकाजवळ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या पानांना अजून जवसाच्या तेलाचा वास येतो. राजाबाई लग्न होऊन अक्कलकोटला गेली. तिची सासू सोजरबाई आधी माझ्याकडं संशयानं बघायची. एकदा सुनेनं तिचंच चित्र काढलं, तर म्हणाली, "माझं नाक एवढं हाय व्हय?" पण पुढच्या खेपेला पोस्टमनाच्या हातून मला तिनंच घेतलं.

मग मी जायची माळशिरसला, जोतीरामकडं. घरची उसाची शेती. चित्रात बैल काढावा तर त्यानंच. तिसऱ्या वर्षी चरकात ऊस घालताना त्याचा उजवा हात आत ओढला गेला. मनगटापासून तोडावा लागला.

त्यानंतर मी पोचले ती थेट ट्रंकेत गेले. त्यानं मला उघडलंसुद्धा नाही. आठ महिने मी अंधारात होते. रागावले नाही, कारण ट्रंकेतूनही त्याचा आवाज ऐकू यायचा, आणि तो फार कमी बोलायचा.

वही का आली नाही म्हणून मास्तरांनी सिद्धारामला पाठवलं. तो सर्व्हिस मोटारीनं आला.

जोतीरामनं मला ट्रंकेतून काढून त्याच्यापुढं ठेवलं. "घिऊन जा. हितं तिचं काय काम न्हाय आता."

"मी न्यायला न्हाय आलो. तुझं पान कोरं हाय, त्ये भरून घ्यायला आलोय."

"कशानं भरू?"

"जेवतूस कशानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीरामनं डाव्या हातात पेन्सिल धरली. ती घसरत होती, कागद सरकत होता. सिद्धाराम दोन्ही हातांनी माझं पान दाबून बसला. दुपारपर्यंत एक बैल उभा राहिला, वेडावाकडा. गावातला जो तो येऊन म्हणे, "लई झ्याक काढलास की." जोतीराम मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मी मास्तरांकडं गेले, तिथून फेरा करून पुन्हा माळशिरसला आले. त्यानं घाईघाईनं ते पान उघडलं. बैलाच्या खाली तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'मागचा पाय आखूड आहे. पुन्हा काढणे.'

तो हसायला लागला. त्याची आई फुलाबाई चुलीपुढून उठून आली. "काय लिवलंय रं?"

"चूक काढलीय मास्तरांनी."

"मग हसतूस काय?"

"हात गेल्यापास्नं माझी चूक कुणी काढली न्हवती, आये."

तेवढं बोलून तो रडला, आणि मग त्यानं तो पाय पुन्हा काढला.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माझी पाठ दोनदा शिवली, पानं वाढली. जोतीरामचे बैल चारी पायांवर नीट उभे असतात. मला कुणी कपाटात ठेवून पुजलं नाही, हातातून हातात फिरवलं, याचं मला फार सुख वाटतं.

मास्तर गेल्या वर्षी वारले. तरीही त्यांच्या घरी मला पाठवतात. मथुराबाईंना, त्यांच्या पत्नीला, वाचता येत नाही. त्या एकेक पान सावकाश उलटतात आणि शेजाऱ्याकडून पुढचा पत्ता लिहून घेतात.

टपालात कधी माझं वेष्टण फाटलं आणि मी तुमच्या हाती लागले, तर पहिलं पान बघा. तिथं चार पत्ते आहेत. मास्तरांचा कुणी खोडलेला नाही. चारांपैकी कुठंही मला पोचवा. मी घरीच पोचेन.