स्लाइडमागे हजार

दादाचा हिशेब एका ओळीचा आहे: स्लाइडमागे हजार. गिऱ्हाईक फोनवर असतानाच तो स्लाइड किती म्हणून विचारतो, तोंडातल्या तोंडात शून्यं लावतो आणि कुणी न मागता वर दहा टक्के सूट देऊन टाकतो. आमचा धंदा ऑनलाइन कोर्स बनवण्याचा. तो विकतो, मी लिहिते. म्हणजे तो दोन मिनिटांत विकतो आणि मी दोन महिने निस्तरत बसते.

मागच्या तीन कोर्सेसनी माझा पार पिट्ट्या पाडला. एकात तर गिऱ्हाइकाने अकरा वेळा दुरुस्त्या पाठवल्या, त्यातल्या चार आधीच्या दुरुस्त्या रद्द करणाऱ्या. शेवटी मी दुसऱ्या कंपनीतल्या नोकरीचं पत्र मिळवलं आणि दादाच्या टेबलावर ठेवलं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"या वेळी खरे तास धरतो," तो म्हणाला. "शप्पथ."

त्याच दिवशी एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा फोन आला. नव्या कामगारांसाठी सुरक्षेचा कोर्स हवा होता. "मजकूर तयार आहे," त्यांचे साहेब म्हणाले. "चाळीस स्लाइड. तुम्ही फक्त ऑनलाइन चढवायचं."

हे 'फक्त' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दादाने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग शुक्रवारी अंदाजपत्रक पाठवतो एवढंच म्हणाला. त्याच्या मानाने हे फार झालं.

दुसऱ्या दिवशी स्लाइड आल्या. पहिलीवर कंपनीचं नाव. दुसरीवर लिफ्टच्या खालच्या खड्ड्याचा फोटो आणि एक ओळ: 'इथे मिस्त्री सांगतील.' तिसरीवर मोटरचा फोटो. 'इथे मिस्त्री सांगतील.' मी शेवटपर्यंत गेले. सदतीस ठिकाणी मिस्त्रीच सांगणार होते.

मी साहेबांना फोन लावला. हे मिस्त्री कोण?

"आमचे सगळ्यांत जुने. तीस वर्षं तेच नव्या पोरांना शिकवतात. महिनाअखेरीला निवृत्त होतायत, म्हणून तर कोर्स."

म्हणजे मजकूर तयार होता, पण एका माणसाच्या डोक्यात. दादाला म्हटलं, "आता तूच जा. एक स्लाइड लिहून आण आणि किती वेळ लागतो ते घड्याळात बघ."

तो बुधवारी सकाळी गेला, जेवायला येतो म्हणून. आला संध्याकाळी सहाला, शर्टाला ग्रीस लावून.

"सातवी स्लाइड," म्हणाला आणि खुर्चीत बसला.

सातवीवर फक्त एक लाल बटण होतं. खड्ड्यात उतरण्याआधी ते दाबायचं. दादाने तसं लिहिलं. मिस्त्री वाचून म्हणाले, असं केलंत तर माणूस मरेल. दादाने परत लिहिलं. परत मेला. तीनदा मेल्यावर कळलं की बटण दाबल्यावर लिफ्ट खरंच हलत नाही ना, हे तपासूनच उतरायचं असतं. मिस्त्रींच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचंच राहून गेलं होतं.

"एका स्लाइडला सात तास गं."

"मला सांगतोयस?" मी म्हटलं.

गुरुवारभर तो अंदाजपत्रकाला चिकटून बसला. शुक्रवारी सकाळी मला बोलावून दाखवलं. मिस्त्रींचे तास होते. चित्रकाराचे होते, आवाज देणाऱ्या बाईंचे होते. दुरुस्त्यांच्या तीन फेऱ्या, चौथीपासून वेगळे पैसे. मला मनापासून आनंद झाला. मग मी पुन्हा वरून खाली वाचलं.

"लिहिणार कोण?"

"तूच की."

"मग मी कुठाय?"

त्याने पान वर नेलं, खाली नेलं. "तुझं काय धरायचं?" तो म्हणाला. "तू घरचीच."

कुजकेपणाने म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. तो अगदी सरळ मनाने म्हणाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच मला जास्त राग आला. मी कीबोर्ड पुढे ओढला. 'लेखन, दोनशे दहा तास' अशी ओळ घातली आणि दर त्या नोकरीच्या पत्रातल्या पगारावरून काढला. खालचा आकडा जवळजवळ दीडपट झाला.

"अगं, एवढे ते देणार नाहीत."

"मग आत्तापर्यंत कोण देत होतं?"

दादाने कीबोर्ड परत स्वतःकडे ओढला. मग सवयीने खाली 'सूट दहा टक्के' लिहिलं, स्वतःच खोडलं आणि अंदाजपत्रक पाठवून दिलं.

संध्याकाळी मी त्या नोकरीला नकार कळवला. पत्र मात्र त्याच्या टेबलावरच ठेवलंय, फोनच्या अगदी शेजारी.