प्रमिलाचा ताप

प्रमिला गेली, पण तिचा ताप गेला नाही. तो एका सशात उतरला. सगळं उरकून अनंतराव मिरजेच्या घरी परतले, तेव्हा ससा तिच्या खाटेवर पडला होता. त्याच्या कानात पितळी बिल्ला होता आणि पांघरुणातून त्यानं पाय बाहेर काढले होते. तापात तीही अशीच काढायची.

अनंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ऊब ओळखीची होती. तेव्हापासून त्यांना झोप लागू लागली.

ससा मऊ भात खायचा. लिंबाचं लोणचं नुसतं हुंगायचा. शेवटी शेवटी तीही नुसता वास घ्यायची. त्याला भरवताना अनंतराव जुन्या गोष्टी सांगत. संसाराला नव्यानं लागलेली प्रमिला काहीही नवं केलं की आधी त्यांच्या पानात वाढायची. "आधी तुम्ही खा. तुम्हाला मानवलं की मग पाहुण्यांना." आणि समोर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून, त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. सुरळीच्या वड्या, फणसाची भाजी, एकदा तर करपून कडू झालेला गुळांबा. तो त्यांनी वाटीभर खाल्ला होता.

ससा मात्र वाळत चालला. खोलीही आकसत चालली. रोज सकाळी भिंती थोड्या जवळ आलेल्या असत. एक दिवस दाराच्या फळ्या गेल्या आणि तिथे जाळी आली.

त्या दुपारी औषध कंपनीच्या जाधवबाई वाकून आत शिरल्या.

"ससा आमचा आहे, काका. काकूंना दिलेलं औषध आधी ह्याला दिलं होतं. ह्याला छान मानवलं."

"तिला नाही मानवलं."

"माणसाचं अंग वेगळं असतं. पण कुणाला तरी आधी द्यावंच लागतं. एकदम माणसाला कसं देणार?" त्यांनी सशाचा कान बोटांत धरून पाहिला. "ताप फार आहे. असाच ठेवलात तर हाही जाईल."

"आणि औषध दिलं तर?"

"लागू पडलं तर ताप उतरेल."

"सगळा?"

"थोडा मागे ठेवता येत नाही, काका."

अनंतरावांचा हात सशाच्या पाठीवरच होता. उबेखाली बरगड्या लागत होत्या.

"द्या," मग ते म्हणाले.

"असं लगेच नाही देता येत. आजाऱ्याला देण्याआधी निरोग्याला देऊन बघायचं, असा नियम आहे." बाईंनी खोलीत नजर फिरवली. आता खाटेपुरतीच जागा उरली होती. "तुम्हाला बीपी, शुगर?"

"काही नाही. प्रमिला म्हणायची, दगड पचवाल तुम्ही."

"मग झालं तर."

बाईंनी सशाच्या कानातला बिल्ला काढून त्यांच्या कानात अडकवला. दुखलं नाही. मग जाळीला पाण्याची बाटली उलटी टांगली, चमच्यात औषध ओतून त्यांच्या हाती दिलं आणि बाहेर जाऊन स्टुलावर बसल्या.

अनंतरावांनी चमचा तोंडात घातला. औषध त्या गुळांब्याइतकं कडू होतं.

ससा खाटेवर उठून त्यांच्यासमोर बसला. त्यानं पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.